चष्म्यातलं लाल

माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, माझ्या धाकट्या वयनीचा चेहरा उभ्या आयुष्यात नीट पाहिला नव्हता, आणि ही दोघं एकाच घरात राहत होती. पुण्याच्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काहीतरीच काय!" तिच्यासारख्यांसाठी आधी हे उलगडून सांगते, म्हणजे पुढं दवाखान्यात काय झालं ते कळेल.

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यापुढं भावसुनेनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, पदर नाकापर्यंत ओढायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ते ओट्यावर असले तर मागच्या दारानं जायचं. भासऱ्यानंही घरात शिरताना खाकरायचं, म्हणजे आतल्या बाईला पदर सावरायला वेळ मिळतो. आताच्या सुना हे मानत नाहीत, देव त्यांचं भलं करो. पण वयनी जुन्या वळणाची होती आणि दादा तिच्याहून जुन्या वळणाचे.

त्यात माझा मधला भाऊ, वयनीचा नवरा, छातीत कळ येऊन अचानक गेला. दादांची बायको त्याच्या आधीच गेली होती आणि दादांचा मुलगा पुण्याला नोकरीत. वयनीला मूलबाळ नाही. म्हणजे देऊळघाटच्या त्या घरात एक विधुर भासरा आणि एक विधवा भावसून, एवढीच माणसं उरली. मी बुलढाण्यात शाळेत मराठी शिकवायचे, घर तिथंच. वयनीला म्हटलं, माझ्याकडे या. तर म्हणाली, "अन् मिरचीले कोण पाहीन? तुमच्या दादाले तं वांगं अन् भोपयाही ओळखू येत नाही." हे शुद्ध खोटं होतं, पण तिला तिथंच राहायचं होतं. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? त्यावर तिचा इलाज एकच. पदर आणखी चार बोटं खाली आला.

दोघांचं बोलणं गाईच्या मार्फत चालायचं. मला हसू यायचं आणि रागही यायचा. वयनी गाईला चारा टाकताना मोठ्यानं म्हणायची, "काव माय, घरातलं मीठ सरलं वाटते." ओट्यावर बसलेले दादा आभाळाकडं पाहून म्हणायचे, "आज बजारात जा लागन." संध्याकाळी मीठ यायचं. मी एकदा दादांना म्हटलं, "दादा, गाय मेली तं तुमी उपाशी मरसान." दादा हसले नाहीत. म्हणाले, "चांगलं चाललं हाय ना बाई, तू काऊन त्यात लाकूड घालतं?"

आणि खरंच चांगलं चाललं होतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ती बांधायची, दादा मोटारसायकलला टोपली लावून बुलढाण्याच्या बाजारात न्यायचे. एकमेकांना काय हवं ते त्यांना न बोलता कळायचं, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. न बोलता सगळंच कळत नाही, हे पुढं कळायचं होतं.

वयनीला दातांना भाजलेल्या तंबाखूची मिसरी लावायची सवय होती. आमच्या भागात किती बायकांना असते. एकदा रविवारी गेले तर ती भाकर वरणात कुस्करून, मान एका बाजूला कलवून खात होती. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, दाढ दुखते. जवळ गेले तर तोंडाला वास. मोबाईलचा उजेड पाडून तिचा गाल आतून पाहिला. डाव्या बाजूला, खालच्या दाढांच्या मागं, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं पांढरट काही उगवलेलं होतं. मी शाळामास्तरीण, डॉक्टर नाही, पण ते काय आहे हे मला त्या क्षणी कळलं. "किती दिवसांपासून?" तिनं बोटांनी हवेत काही तरी दाखवलं, त्यातून दिवस निघत होते की महिने ते समजलं नाही. दादांना सांगितलं का, हे मी विचारलं नाही. गाईला तोंडातला फोड काय म्हणून सांगणार?

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, कॅन्सरच निघाला, आणि मग जालन्याच्या पुढं, मोठ्या शहरातल्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं ऑपरेशन करणारा डॉक्टर इतका तरुण होता की आमच्या शाळेत असता तर मी त्याला केस कापून ये म्हटलं असतं. पण बोलायला गोड आणि हाताला शांत. त्यानं सांगितलं की त्यांच्याकडे एक नवा चष्मा आहे. रोग्याचा स्कॅन काढायचा, त्याचं चित्र कॉम्प्युटर बनवतो, आणि डॉक्टरनं चष्मा घातला की ते चित्र रोग्याच्या अंगावरच दिसतं. कातडीच्या आत हाड कुठं, शीर कुठं, रोग कुठं, सगळं जागच्या जागी. कापताना पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या फिल्मकडं पाहावं लागत नाही.

दादा म्हणाले, "म्हंजे पाणाड्यावानी. वावरात फिरून सांगते ना, इथं पानी हाय म्हणून."

"पाणाड्या अंदाजानं सांगतो काका," डॉक्टर हसून म्हणाला, "आम्ही आधी फोटो काढून ठेवतो."

स्कॅन झाला. दोन दिवसांनी त्यानं आम्हाला एका खोलीत बोलावलं. वयनीला पलंगावर निजवलं होतं. डॉक्टर म्हणाला, आम्ही घरच्यांनाही दाखवतो, म्हणजे सही करताना कशावर सही करतोय ते कळतं. "घरात निर्णय कोण घेतं?" आम्ही सगळ्यांनी दादांकडं पाहिलं, वयनीनं पदराआडून पाहिलं असेल. डॉक्टरनं तो चष्मा, म्हणजे शिरस्त्राणासारखं जड काहीतरी, दादांच्या हातात दिला आणि वयनीला म्हणाला, "मावशी, पदर काढा. चित्र चेहऱ्यावर दिसतं."

वयनीनं पदर काढला नाही, उलट घट्ट धरला. डॉक्टर बिचारा जालन्याकडचा. त्याला वाटलं मावशी घाबरल्या. त्यानं हळूच पदर बाजूला केला. त्याच क्षणी दादांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. साठी उलटलेला माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा भिंतीला तोंड लावून उभा होता, हातात तो चष्मा. "मले काऊन दावता जी," ते भिंतीला म्हणाले, "तुमी पाहा म्हणजे झालं. बाईले दावा."

मग मी घातला.

चष्म्यातून खोली दिसतच होती. पलंग, सलाईनचा दांडा, वयनीच्या कानातल्या कुड्या. फक्त तिच्या डाव्या गालाच्या जागी गाल आणि त्याच्या आत पांढरं जबड्याचं हाड, दोन्ही एकदम दिसत होतं. मी मान हलवली तरी हाड तिच्या चेहऱ्यातच राहिलं. हाडाच्या मागच्या भागाला लाल काहीतरी चिकटलं होतं. हाडाच्या आतून एक पिवळी रेघ हनुवटीकडं जात होती. वयनीनं आवंढा गिळला की सगळं चित्र किंचित घसरायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. डॉक्टर म्हणाला, "मावशी, हलू नका." मला दोन गोष्टी एकदम वाटल्या, माणसाच्या आत असं पाहू नये, आणि पाहिल्याशिवाय सोडूही नये.

डॉक्टरनं समजावलं. लाल म्हणजे रोग. पिवळी रेघ म्हणजे नस, ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी. लाल त्या रेघेत शिरलेलं नाही, अलीकडं थांबलं आहे. म्हणून जबड्याचा मागचा तुकडा काढायचा आणि हनुवटी ठेवायची. हनुवटी राहिली की तोंड मिटतं, लाळ आत राहते, भाकर नाही पण मऊ भात खाता येईल, बोललेलं लोकांना कळेल. "हनुवटी हा तोंडाचा उंबरा आहे," तो म्हणाला. "उंबरा वाचला तर घर वाचलं समजा." मी घरी जाताना बसमध्ये वयनीला हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. ती मान डोलवत होती.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली होती. हे चित्र स्कॅनच्या दिवसाचं आहे. चष्मा हुशार आहे, पण त्याला आजचं दिसत नाही. ऑपरेशनच्या तारखेला रांग आहे, काही आठवडे जातील. मध्ये काही नवीन वाटलं, सूज, मुंग्या, बधिरपणा, तर सांगा, आपण पुन्हा स्कॅन काढू आणि मगच हात लावू. दादांनी मान डोलावली, मीही डोलावली. वयनी तेव्हा पदर सारखा करत होती.

भरती झालो त्या दिवशी मी खाली रक्ताची सोय करायला गेले होते. वर छोट्या डॉक्टरांची फेरी आली. वयनीच्या शेजारच्या पलंगावर चिखलीकडची एक बाई होती, तिच्या समोर घडलेलं हे. नंतर वयनीनंही सांगितलं, दोन्ही एकच निघालं. त्यातल्या एका डॉक्टरनं वयनीला विचारलं, "मावशी, ओठाला बधिरपणा? मुंग्या? काही नवीन त्रास?" पलंगाच्या पायथ्याशी दादा उभे, म्हणून वयनीचा पदर नाकापर्यंत. ती गप्प. डॉक्टरनं दादांकडं पाहिलं.

"नाही जी," दादा म्हणाले, "काही तरास नाही तिले. असता तं सांगतलं असतं."

डॉक्टरनं कागदावर लिहिलं आणि पुढच्या पलंगाकडं गेला.

तिचा ओठ त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून बधिर होता. चहा पिताना हनुवटीवरून ओघळला आणि तिला कळला नाही, चोळी भिजली तेव्हा कळला. मला हे तिनं कितीतरी नंतर, घरी, तोंडावर फडकं धरून सांगितलं. मी भडकले. म्हटलं, तोंड होतं ना तुमाले, बोलल्या काऊन नाही? तिनं शांतपणे उत्तर दिलं, "सांगनारच होती मी. पन ते आधी बोलले. मंग मी कशी बोलू? चार लोकायपुढं त्यायचा शब्द खोटा पडला असता."

ज्या माणसानं हा ओठ कधी पाहिला नव्हता, त्यानं त्या ओठाची ग्वाही दिली. आणि जिचा ओठ होता, तिनं ती ग्वाही मोडली नाही. यात कोणाला शिव्या द्यायच्या तेच मला अजून ठरवता येत नाही. तरी मी दोघांना देते, मनातल्या मनात.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. दुपारी डॉक्टर हिरव्या कपड्यांतच बाहेर आला. कपाळावर त्या चष्म्याचा लाल वळ उठला होता. तो बसला नाही. म्हणाला, "चष्म्यात नस जिथं स्वच्छ दिसते तिथं ती जाड झाली आहे. तुकडा तपासून घेतला. रोग नसेतून पुढं गेला आहे, हनुवटीपर्यंत. हनुवटी काढावी लागेल." मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "मावशींचा ओठ बधिर झाला होता का?"

दादा म्हणाले, "नाही म्हणतलं होतं मी."

फक्त एवढंच. डॉक्टरला जे कळायचं ते कळलं असावं. तो म्हणाला, "चूक माझ्या लोकांची आहे. मावशींना एकटं विचारायला हवं होतं, हात लावून पाहायला हवं होतं." भला माणूस. पण दादांच्या कानात ते शिरलं नाही. त्यांनी सही केली तेव्हा पेन कागदातून आरपार गेला. दुसरा कागद आणावा लागला.

पायाचं हाड काढून जबडा बनवतात म्हणे, पण वयनीच्या पायातल्या शिरा त्या कामाच्या नव्हत्या. छातीवरचं मांस वर घेऊन भोक बुजवलं. हनुवटीच्या जागी आता उतार होता. खालचा ओठ लोंबायचा, तोंड मिटायचं नाही, लाळ सतत. नाकातून नळी. पट्ट्या निघाल्यावर वयनीनं आरसा मागितला नाही. तिनं पदर मागितला.

शाळा होती म्हणून मी दिवसभर देऊळघाटला राहू शकत नव्हते. नळीतून जेवण भरवायचं काम मग दादांवर आलं. मुगाचं पाणी, पातळ वरण, दूध, सगळं मिक्सरमधून काढून फडक्यातून गाळायचं, आणि मोठ्या सिरिंजनं थोडं थोडं ओतायचं. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून पाहत होते. वयनी पदराआडून नळीचं टोक बाहेर धरून बसलेली आणि दादा छपराच्या वाशांकडं पाहत ओतताहेत. निम्मं तिच्या मांडीवर सांडलं. मी ओरडले, "दादा, पाहून ओता! ते नळी हाय, नागीन नाही!" त्यावर वयनीच्या पदराआडून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती. हनुवटी नसलेल्या माणसाचं हसणं ऐकवत नाही, पण हसत होती हे नक्की. दादांनी मग नजर खाली आणली आणि फक्त नळीच्या टोकावर ठेवली. पुढं त्यांचा हात इतका बसला की एक थेंब सांडायचा नाही.

मिक्सरचा आवाज, मग खाकरणं, मग सिरिंज. असे महिने गेले. दादा बाजारात जायचे बंद झाले. मिरचीला पाणी देऊन घरी परत. भाजी बांधावरच व्यापाऱ्याला. ते कधी काही बोलले नाहीत, पण हा माणूस आतून वाळवी लागल्यासारखा होत चालला होता. जेवायला बसले की दुसऱ्या घासाला उठायचे. मी म्हटलं, "दादा, जेवा." म्हणाले, "गिळता येते म्हणून गिळा लागते का बाई?"

उन्हाळा लागला तेव्हा वयनीच्या मानेवर गाठ आली. किरणांचे उपचार आधीच देऊन झाले होते. पुन्हा त्याच शहरात, त्याच डॉक्टरकडं, पुन्हा स्कॅन. पुन्हा ती खोली.

यावेळी चष्मा द्यायच्या आधीच दादांनी हात पुढं केला. वयनीचा पदर नर्सनं आधीच काढून ठेवला होता. तिनं डोळे मिटून घेतले. तेवढाच पदर तिच्याकडं उरला होता. दादांनी आपला मोतीबिंदूचा चष्मा काढून माझ्याकडं दिला, ते जड यंत्र डोक्यावर चढवलं आणि तिच्याकडं वळले. चित्र चेहऱ्यावर असतं, म्हणजे चित्र पाहायचं तर चेहरा पाहावाच लागतो. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा ते तिच्याकडं पाहत होते, आणि पाहायला जे उरलं होतं ते असं.

"हे लाल ते सारं तेच का जी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो काका."

"अन् हे जाड?"

"ती डोक्याला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी. लाल तिला वेटाळून आहे."

"मंधात फट हाय पन. दिसते मले."

डॉक्टरनं खरं ते सांगितलं. फट दिसते, पण सुरीपुरतीच. ऑपरेशन अशक्य नाही, पण तो स्वतः सुचवणार नाही. टेबलावरच काही होऊ शकतं, नंतर वाहिनी फुटू शकते, आणि सगळं नीट झालं तरी रोग परत येण्याचीच भीती जास्त. दुसरा मार्ग म्हणजे घरी न्यायचं, दुखणं थांबवायची औषधं द्यायची, राहतील तेवढे दिवस सुखाचे करायचे. "मावशींची इच्छा काय आहे?" त्यानं विचारलं, आणि सवयीनं दादांकडंच पाहिलं.

दादांनी यंत्र डोक्यावरून उतरवलं. "तिलेच इचारा जी," ते म्हणाले. "माह्या पुढं ती बोलत नाही. मी बाहीर जातो." आणि खरोखर बाहेर गेले, दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं. मी रडले. हे आधी जमलं असतं तर, असं मनात आलं, पण राग आला नाही. या माणसाला हे करायला काय पडलं असेल, ते मला ठाऊक होतं.

डॉक्टर वयनीच्या जवळ खुर्ची ओढून बसला. सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, आता तुम्ही सांगा. करायचं, की घरी जायचं?"

वयनीनं डोळे उघडले. बंद दाराकडं पाहिलं. तिचं बोलणं तोवर फक्त आम्हा घरच्यांना कळायचं, ओठांची अक्षरं तिला जमत नव्हती आणि लाळ मध्ये यायची. ती म्हणाली, "त्यायलेच इचारा."

माझं डोकं सणकलं. दवाखाना आहे, समोर डॉक्टर आहे, सगळं विसरले. "अवं वयनी, त्यायले काय इचारू? एकडाव इचारलं तं हे झालं! जीव तुमचा हाय. त्यायनं तं आजवर तुमचं तोंडही पाह्यलं नव्हतं!"

"मी तं त्यायचं पाह्यलं ना," वयनी म्हणाली.

तिनं फडक्यानं तोंड पुसलं आणि हळूहळू, अडखळत, बोलत राहिली. पदराआडून मी तीस वर्सं पाहून राह्यली त्यायले, म्हणाली. नवरा गेला तेव्हा ते कसे बसले ते पाहिलं, त्यांची बायको गेली तेव्हाही पाहिलं. आता जेवत नाहीत तेही दिसतं. "माहं काही राह्यलं नाही बाई. मले घरीच जा वाटते. पन मी नाही म्हणतलं अन् घरी जाऊन मेली, तं ते सवताले खातीन. म्हणतीन, माह्या एका शब्दानं गेली. ऑपरेशन झालं अन् मेली, तं म्हणतीन, आपन सारं केलं, देवाच्या मनात नव्हतं. तेवढं त्यायले राहू द्या." आणि मग माझं मनगट धरून, "तुमी त्यायले सांगू नका. सांगा, तिलेच जगायचं हाय."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. त्याला यातलं फारसं कळलं नव्हतं. "मॅडम, काय म्हणतात मावशी?"

मी वयनीकडं पाहिलं. तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं. तिच्या बोटांत जुड्या बांधायचा जोर अजून होता.

"हो म्हणते," मी म्हणाले. "करा म्हणते."

दादांना आत बोलावलं. डॉक्टरनं सांगितलं, मावशी तयार आहेत. दादांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं पाहावं लागलं. वयनीनं तोवर पदर ओढून घेतला होता.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, चष्म्यात जसं दिसलं होतं तसंच आत निघालं, या वेळी काही फरक नव्हता. चौथ्या दिवशी पहाटे वाहिनी फुटली. मी तिथं होते. पांढरी चादर, आणि मग ती पांढरी राहिली नाही. जास्त वेळ लागला नाही, एवढीच देवाची दया.

दादा माझं लिहिलेलं वाचत नाहीत. पिकांचे भाव आणि हवामान सोडून काहीच वाचत नाहीत. आजवर मला याचा राग होता, आता बरं वाटतं.

ते आता दोन घास जास्त खातात. ओट्यावर कोणी भेटायला आलं की तीच गोष्ट सांगतात. परवा मी गेले तेव्हाही सांगत होते, शेजारच्या वावरवाल्याला. "लय हिंमतीची बाई. डॉक्टरनं तिलेच इचारलं, मी बाहीर उभा होतो. कोनाचं दडपन नाही, काही नाही. तिनं सवता सांगतलं, करा म्हणून. तिले जगायचं होतं रे." मग माझ्याकडं वळले. "काव बाई? तिनंच म्हणतलं ना?"

"हाव दादा," मी म्हणाले. "तिनंच म्हणतलं."